विषय: सांगलीच्या कॉम्प्युटर क्लबचा फॉर्म

सर्वांना नमस्कार,
मंडळाने पाठवलेले लॅपटॉप विश्रामबागच्या क्लबात पोहोचले. नवी बॅच पाडव्यानंतर. कोणाला काय येतं ते आधी कळावं म्हणून फॉर्म जोडलाय: ईमेल, टायपिंग, इंटरनेट, बँकिंग. प्रत्येकापुढे 1 ते 5 गुण स्वतःच द्यायचे. काकू, चालेल ना?
– सचिव

अरे, फॉर्म देखणा आहे, पण गुण काढून टाक. मागच्या बॅचला असाच कागद दिला होता. बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब सगळीकडे 5 मांडून मोकळे, आणि डाउनलोड केलेली फाइल सापडेना म्हणून तासाभरात मला हाक. मागच्या बाकावर हळदीच्या अडत दुकानाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणाऱ्या वहिनी. त्यांनी स्वतःला 2 दिले. "मला कुठं काय येतंय ओ, नुसत्या बेरजा करते." बघितलं तर गिऱ्हाइकवार बेरजेला सम-इफ, म्हणजे अटीप्रमाणे बेरीज करणारं सूत्र, लावलेलं!

क्रुगर आणि डनिंग या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये हेच मांडलं होतं: ज्यांना कमी जमतं ते स्वतःला बरंच वर धरतात, पटाईत माणसं जरा खाली. आमच्याकडे त्यात बायकांचा संकोच आणि साहेबांचा हुद्दाही मिसळतो.

शिवाय "एमएससीआयटी झालंय" हे उत्तर ठरलेलं. हा संगणकाचा कोर्स 2001 पासूनचा. काहींचं सर्टिफिकेट तेव्हापासून फाइलीत आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्याच्या मशीनवर अगम्य अक्षरांत उघडतं, हे त्यावर कुठे लिहिलेलं असतं?

युरोपीय आयोगाच्या डिजकॉम्प या डिजिटल कौशल्यांच्या आराखड्यातली एक गोष्ट मला पटते. तिथे खालच्या पायऱ्यांवर मदत किती लागते हे बघतात आणि वर गेल्यावर दुसऱ्याला शिकवता येतं का, हे. तेव्हा आपण कामं लिहू: वीजबिल भरून पावती जपून ठेवणं, महाभूलेखवर सातबारा बघणं, मराठीत मेल करणं. पुढे चार चौकोन: दुसरं कोणी करून देतं, शेजारी कोणी असेल तर जमतं, एकट्याने जमतं, दुसऱ्याला शिकवता येतं. पहिल्या चौकोनात निम्म्या सांगलीचे नातू सापडतील.

एक प्रश्न मात्र सरळ विचार: यूपीआयने पैसे येणार असतील तर पिन टाकावा लागतो का? "हो" म्हणेल त्याला पहिल्याच दिवशी वेगळं बसवते. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. एवढं ठाऊक नसेल तर बाकी सगळं येऊनही खातं रिकामं होईल.
– काकू

काकू, पटलं. पण देणगीदारांना अहवालात आकडा लागतो. गुणच नसतील तर काय दाखवू?
– खजिनदार

"एकट्याने जमतं"वरच्या खुणा मोजा, बॅचच्या आधी आणि नंतर. फक्त नंतरचा फॉर्म भरताना काहीजण एक चौकोन मागे येतील, त्याची तयारी ठेवा. आपल्याला काय येत नाही ते त्यांना तोवर कळलेलं असतं. अहवालात त्याला घसरण म्हणू नका. आणि खूण केलेलं एक काम मी समोर बसून करायला लावणार, साहेबांनासुद्धा.
– काकू