घसारा बदलून नफा वाढवला तर बाजार फसतो काय?

टिळकवाडीचा हिशेबनीस
परवा आपल्या गुंतवणूक ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट फिरली. कंपन्या घसाऱ्याची (मशीन झिजतं म्हणून दरवर्षी धरायच्या खर्चाची) पद्धत बदलून नफा फुगवतात, बाजार त्याला भुलून शेअर चढवतो, तेव्हा ताळेबंद वाचत बसू नका, चार्ट बघा. खाली ढीगभर अंगठे. राहवेना, म्हणून लिहितोय.

10 कोटींचं मशीन घ्या. कंपनी कायद्याच्या शेड्युल 2 प्रमाणे आयुष्य 15 वर्षं, शेवटी 5 टक्के किंमत शिल्लक. स्ट्रेट लाइननं, म्हणजे दरवर्षी सारखा धरला तर, वर्षाला 63 लाखांच्या वर घसारा बसतो. डब्ल्यूडीव्हीनं, म्हणजे उरलेल्या किमतीवर धरला तर, 18.10 टक्के; पहिल्याच वर्षी 1 कोटी 81 लाख. मशीन तेच, माल तोच, आणि नफ्यात 1 कोटी 18 लाखांच्या जवळपास फरक. आयकराचा हिशेब मात्र वेगळा. तिथं सर्वसाधारण मशिनरीच्या गटावर 15 टक्के, पुस्तकात काहीही धरा. कर तेवढाच, बँकेतली शिल्लक तेवढीच. मग शेअर का चढावा?

अमेरिकेत 1970 च्या दशकात महागाई भडकली तेव्हा बऱ्याच कंपन्या मालसाठा मोजायच्या लिफो पद्धतीवर गेल्या. शेवटी घेतलेला महाग माल आधी खपला असं धरायचं; नफा कमी दिसतो, करही वाचतो. करासाठी लिफो धरला तर भागधारकांनाही लिफोचेच आकडे दाखवायचे, असा तिथला नियम. हिशेबशास्त्राचे अभ्यासक श्याम सुंदर यांनी 1973 मध्ये त्याआधीच्या काळात लिफोवर गेलेल्या कंपन्या तपासल्या, तर बदलाच्या वर्षात त्यांचे शेअर बाजाराच्या मानानं चढलेले निघाले. छापील नफा कमी दिसणार असूनही. बाजार पैसा बघतो, छापील आकडा नव्हे.

उद्यमबाग फाउंड्रीवाला
सर, तुमचं गणित बरोबर आहे, खरं ते वर्गातलं आहे. आमच्याकडं एक वर्ष तिन्ही पाळ्या चालल्या. तिसरी पाळी चालली की शेड्युल 2 प्रमाणे तेवढ्या काळाचा घसारा दुप्पट. आमच्या सीएंनी नियमानं तो धरला आणि निव्वळ नफा तळाला गेला. भट्टी थंड व्हायला सवड नव्हती इतकं काम, ऑर्डरी हातात, आणि बँकेचा मॅनेजर नफा आणि नेटवर्थ (मालकीचं भांडवल) बघून सीसी लिमिट, म्हणजे खेळत्या कर्जाची मर्यादा, वाढवायला नको म्हणाला. घसारा नफ्यात परत मिळवून रोकड बघा म्हणून मी कागद पुढं केला, त्यानं पान उलटलंसुद्धा नाही. शेवटी पिग आयर्न (कच्चं लोखंड) चढ्या दरानं उधारीवर उचललं. ते पैसे माझ्या खिशातून गेले. पद्धतीनं रोकड बदलत नाही हे मला सांगू नका.

शहापूरची सीए
हिशेबनीस सर, मॅट, म्हणजे किमान कर, विसरलात काय? ज्या कंपन्या आयकराच्या 22 टक्क्यांच्या सवलतीच्या दरात गेल्या नाहीत आणि ज्यांचा नेहमीचा कर कमी बसतो, त्यांना पुस्तकी नफ्यावर मॅट लागू शकतो. तिथं पुस्तकातला घसारा बदलला की कर बदलतो. आणि सुंदर यांचा एकच अभ्यास किती दिवस पुढं करणार? रिक्स या दुसऱ्या अभ्यासकानं 1982 मध्ये 1974 सालच्या लिफोवाल्या कंपन्या तपासल्या, तर निकालांच्या सुमारास त्यांचे शेअर इतरांपेक्षा मागं पडले होते.

टिळकवाडीचा हिशेबनीस
मॅटचा मुद्दा घ्या, दिला. पण तोही रोकडीचाच मुद्दा झाला की! फाउंड्रीवाले दादा, तुम्हाला नडला तो मॅनेजर. बाजारात हजारो लोक तोच ताळेबंद वाचतात, त्यातल्या काहींनी हिशेबाखालची टीप वाचली तरी भाव जागेवर येतो.

खानापूरकर
हजारो लोक वाचत होते तर सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचं काय झालं? 7 जानेवारी 2009 ला हिशेब खोटे असल्याचं कबूल करणारं अध्यक्षांचं पत्र बाहेर आलं आणि एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त किंमत उडाली. तोवर कुठं होते तुमचे वाचणारे?

शहापूरची सीए
त्यात पद्धतीचा काय संबंध? 5 हजार कोटींच्या वर रोकड दाखवली होती जी नव्हतीच. तो खोटेपणा, निवड नव्हे. दोन्ही एकात कालवू नका.

चिक्कोडीचा ऊसवाला
तुम्ही सगळे शेअरचं बोलायलाय, आमच्या उसाचं कोण बोलणार? 31 मार्चला कारखान्याचं गोदाम साखरेनं भरलेलं असतं. ती उत्पादन खर्च आणि विक्रीतून मिळणारी किंमत यात जे कमी असेल त्या भावानं धरायची. दर पडला की तोटा कागदावर येतो आणि लगेच आम्हाला उत्तर, उसाच्या बिलाला थांबा. ऊस नियंत्रण आदेश 1966 म्हणतो 14 दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. ते व्याज देणं म्हणून धरायचं की टिपेत एक ओळ लिहून सोडायचं, हा पण हिशेबाचाच निर्णय आहे की नाही? आमच्या भागातल्या एका कारखान्यानं माझं बिल पेरणी होईपर्यंत थकवलं. सोसायटीचं व्याज मी भरलं.

टिळकवाडीचा हिशेबनीस
काका, दुःख खरं आहे, पण विषय शेअर बाजाराचा आहे.

चिक्कोडीचा ऊसवाला
विषय काढू नको म्हणायला तुम्ही कोण? टिळकवाडीत बसून उसाचं शिकवू नका. आमच्या थकलेल्या पैशावर कारखाना बिनव्याजी चालतो, म्हणून रोकड बरी दिसते, तुमचा बाजार त्याला चांगली कंपनी म्हणतो!

निपाणीची मास्तरीण
काका बरोबर बोलताहेत. आमचे वडील सहकारी कारखान्याचे सभासद. त्यांच्या शेअरला बाजारच नाही, दर्शनी किमतीलाच बसून. कारखान्यानं हिशेब कसाही धरला तरी त्यांना भावातून काही कळत नाही. वार्षिक सभेत अहवाल हातात पडतो, तोपर्यंत ठराव मंजूर झालेले असतात. म्हणून आमच्या गावचे लोक ऊस कोल्हापूरच्या बाजूला घालतात, तिथं वजनकाट्यावरून भांडण ते वेगळंच.

उद्यमबाग फाउंड्रीवाला
काटा काढलाच तर मग रात्रभर चालेल.

चिक्कोडीचा ऊसवाला
चालू दे की! काटा, रिकव्हरी, तोडणी वाहतूक, सगळं काढा. उसाचा सरकारी दर 10.25 टक्के रिकव्हरीवर, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेवर, ठरतो, आणि रिकव्हरी मोजतो कोण, तर कारखानाच.

शहापूरची सीए
काका, तुमच्या व्याजाची तरतूद केली नसेल तर ऑडिटरनं त्यावर बोट ठेवायला पाहिजे, यात मी तुमच्या बाजूनं आहे. आणि हिशेबनीस सर, बघा, ज्यांचे पैसे कंपनीकडं अडकलेत त्यांना बाजारभाव नसतो. भाव चुकला तर तुमचा शेअरवाला विकून मोकळा होतो, ऊसवाला कुठं जाणार?

टिळकवाडीचा हिशेबनीस
एवढं मानतो, की माझं सगळं म्हणणं लिस्टेड कंपनीच्या शेअरपुरतं आहे. पण त्या मूळ पोस्टवाल्याचं चार्ट बघा हे अजूनही मानत नाही. घसारा बदलला की आता तो पुढच्या काळापुरता अंदाज म्हणून धरतात, मागचे आकडे बदलत नाहीत, आणि परिणाम टिपेत लिहावा लागतो. ती टीप वाचायला दहा मिनिटं लागतात.

चिक्कोडीचा ऊसवाला
मग पुढच्या अहवालात 15 टक्के व्याजाची टीप आधी वाचा, आणि इथं टाका. मी वाट बघतो.