प्रतिसाद: बीबी का मकबऱ्याजवळच्या वाड्यावर स्लॅब

या वाड्याच्या चर्चेत दोन मुद्दे आले: माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत) काढून स्लॅब टाकायचा, आणि मकबऱ्याचा घुमट दूर आहे म्हणून परवानगीची गरज नाही.

दुसरा आधी. अंतर घुमटापासून मोजत नाहीत, संरक्षित हद्दीपासून मोजतात. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या बदलानंतर पहिले १०० मीटर प्रतिबंधित. तिथे नवं बांधकाम नाही, पण जुन्या घराची दुरुस्ती सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. पुढचे २०० मीटर विनियमित, म्हणजे तिथे बांधकाम परवानगी घेऊनच. तेव्हा मोजणीचा नकाशा आधी काढा.

आता स्लॅब. 'स्लॅबचं वजन भिंत पेलणार नाही' हा आक्षेप अर्धवट आहे. फूटभर मातीचं माळवद चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो सहज भरतं, पाच इंची स्लॅब तीनशेच्या आसपास. खरी गोम भार कुठे उतरतो यात आहे. माळवदाचा बहुतेक भार तुळयांवरून खांबांवर आणि खाली जोत्यावर जातो. खांब काढून स्लॅब थेट पांढऱ्या मातीच्या भिंतीवर टेकवला की टेकल्या जागी भिंत चिरडते आणि कोपऱ्यात उभ्या भेगा पडतात. म्हणून प्रस्तावात छेद-नकाशा (वाडा उभा कापल्यासारखा दाखवणारा) हवाच: प्रत्येक खांब, त्याची तळखडी (खांबाखालचा दगड), तुळईचं भिंतीतलं टोक. बहुतेक अर्जांत नेमका हाच कागद नसतो!

तुळईचं टोक कुजलं असेल तर तेवढंच कापून नवं सागवान जोडा.

दर्शनी भागाला सिमेंटचा गिलावा मात्र नकोच. आतली ओल कोंडते, क्षार फुटतात, पापुद्रे सुटतात. त्याऐवजी चुन्याचा गिलावा करा: चुना एक, वाळू तीन.