कुरुंदवाड नदीच्या कुठल्या काठाला? पूर-आराखड्याच्या मसुद्यावरून

घाटावरचा
काल इथं एकानं लिहिलं, "मसुद्यात एखादं गाव चुकून पलीकडच्या काठाला पडलं म्हणून एवढा गहजब कशाला? पाण्याचे आकडे बरोबर आहेत, गावांची नावं नंतर दुरुस्त होतील." हे लिहिणाऱ्यानं एक तरी पूर शिरोळ तालुक्यात काढलाय का?

मसुदा म्हणतो, कुरुंदवाड कृष्णेच्या डाव्या काठावर आहे. डाव्या काठावर औरवाड आहे, गौरवाड आहे. कुरुंदवाड पंचगंगेच्या उजव्या काठाला, नृसिंहवाडी म्हणजे आमची वाडी समोर, मधे पूल. संगमाच्या खाली कृष्णा लागते तीही आमच्या पूर्वेला. म्हणजे दोन्ही नद्या धरल्या तरी आम्ही उजवीकडंच.

पुढं निवाऱ्याची यादी बघा. कुरुंदवाडच्या लोकांची सोय 'शिरोली' इथं. शिरोली पुलाची कोल्हापूरला खेटून, हातकणंगले तालुक्यात. शिरोळ लिहायचं असणार. पण शिरोळ तरी कुठं आहे? पंचगंगेच्या उत्तरेला! पुरात वाडीचा पूल पाण्याखाली गेला की शिरोळला जायचं कसं? आमची वाट हेरवाड, अब्दुललाटच्या अंगानं. त्या गावांचं यादीत नाव नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे आमच्यासाठी इशाऱ्याची पातळी सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलावरची धरलीय, ४० फूट इशारा, ४५ धोका. काठ चुकला म्हणून नदी चुकली, नदी चुकली म्हणून इशारा चुकला. याला टायपिंगची चूक म्हणता?

आकडेमोड
तो प्रतिसाद माझाच होता. पूर काढलाय की नाही हा मुद्दा नको, मसुदा करणाऱ्या खात्याच्याच कामात मी वर्षं घालवली आहेत. पाणी कुठवर चढेल हे अक्षांश-रेखांश आणि जमिनीच्या उंचीवरून काढतात. वर्णनाचा परिच्छेद वेगळा माणूस लिहितो. परिच्छेदात डावा लिहिला म्हणून नकाशावरची निळी आणि लाल पूररेषा सरकत नाही. हरकतींची मुदत दिली आहे ती याचसाठी. चार ओळींचा अर्ज द्या, दुरुस्त होईल. सगळा मसुदाच फेटाळा असं ओरडलात तर पुढचा पावसाळाही आराखड्याविना जाईल. आणि आयर्विनची नोंद जुनी, सलग आहे, म्हणून ती घेतात.

अकिवाटचा शेतकरी
डावा उजवा करत बसा. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं कोण बोलणार? पाऊस थांबतोय, ऊन पडतंय आणि पाणी हटत न्हाई. उसाच्या पोंग्यात पाणी गेलं की संपला ऊस. २०१९ ला अख्खं रान कुजून वास सुटला हुता. धरणाची पातळी ५१९.६० मीटरला हाय तर हे हाल, आणि कृष्णा पाणी तंटा लवादानं २०१० ला ५२४.२५६ ला मान्यता दिलीया. पयलं ते थांबवा.

आकडेमोड
२०१९ च्या पुरानंतर वडनेरे समिती नेमली होती. तिनं अलमट्टीला दोष दिलेला नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं ही कारणं सांगितली. पाणी हटत नाही कारण कोयना, वारणा, पंचगंगा एकाच वेळी तुमच्या तालुक्यात येतात आणि तिथं जमीन सपाट आहे.

अकिवाटचा शेतकरी
समिती किती दिवस पाण्यात बसली हुती? आमी छपरावर बसलोय. माझ्या आज्यानं १९१४ चा पूर बगितला, बाच्या हयातीत पाणी चढायचं तसं उतरायचं. आता उतरत न्हाई. मधी काय बदललं ते तुमी सांगा. आणि हिप्परगीच्या बंधाऱ्याचं काय? त्यो तर अलमट्टीच्या अलीकडं हाय.

बावड्याची लेक
दादा, तुमचा राग रास्त आहे, पण सगळं कर्नाटकावर ढकलून आपल्याकडचं झाकू नका. शिरोलीजवळ महामार्गाचा भराव घातलाय तो बघा. पाणी अडतं, मागं फुगतं, आणि २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा महामार्गच बंद पडला. भराव काढून तिथं कमानी करा म्हणून किती वर्षं ओरडायचं? आमच्या कोल्हापूरच्या बावड्यात पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि बातम्यांत सगळा जिल्हा त्या एका आकड्यावर मोजतात. तो आकडा कोल्हापूरचा आहे, शिरोळचा नाही.

अकिवाटचा शेतकरी
ताई, भराव काढला तर तुमचं पाणी लवकर आमच्याकडं येणार. त्याचं काय?

बावड्याची लेक
म्हणून आम्ही बुडून राहायचं का?

घाटावरचा
थांबा दोघंही. ताईंनी आकड्याबद्दल जे लिहिलं तेच मी सांगतोय. राजारामचा आकडा आमचा नाही तसा आयर्विनचाही नाही. वारणा कृष्णेला मिळते हरिपूरला, आयर्विनच्या खाली. पंचगंगा मिळते वाडीला, त्याच्याही खाली. म्हणजे आमच्या दारात जे पाणी येतं त्यातल्या दोन नद्या त्या पुलाखालून जातच नाहीत. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला तोंड मिळत नाही, ती मागं फिरते. कोल्हापुरात पाणी उतरलं असं रेडिओवर सांगतात तेव्हा आमच्याकडं ते चढत असतं. 'आकडेमोड' साहेब, नोंद जुनी आहे म्हणून चुकीच्या ठिकाणची घ्यायची?

संगमावरची
मी कधी लिहीत नाही, पण साहेबांचं "परिच्छेद वेगळा माणूस लिहितो" वाचून राहवलं नाही. २०१९ ला आत्या कुरुंदवाडात माडीवर अडकली होती. साखरेचा त्रास, इन्सुलिन संपलेलं. मी कोल्हापुरातून मदतीसाठी फोन लावत होते. शेवटी बोट निघाली असं कळलं. ती जाऊन उभी राहिली औरवाडच्या बाजूला, कारण त्यांच्या हातातल्या कागदावर तसं होतं. मधे कृष्णेचा लोंढा, तो ओलांडून कोण येणार? गल्लीतल्या पोरांनी काहिलीतून आत्याला बाहेर काढलं. काहिलीतून! ज्यात गुळासाठी उसाचा रस उकळतात. आत्या वाचली ती त्या पोरांमुळं. बोटवाल्याच्या हातात तुमचे अक्षांश-रेखांश नसतात, तो परिच्छेदच असतो.

आकडेमोड
ताई, तुमच्या आत्यांबाबत झालं ते व्हायला नको होतं. पण एका प्रसंगावरून अख्खा अभ्यास खोटा ठरत नाही, हे मी पुन्हा म्हणेन. निवाऱ्याच्या यादीचा मुद्दा वेगळा. बचावपथकाकडं तीच यादी जाते, त्यामुळं ती हरकतींची वाट न बघता आधी दुरुस्त व्हायला हवी. इतकं मान्य. आयर्विनबद्दल मी अजून सहमत नाही. वाडीला तितकी जुनी सलग नोंद कुणाकडं असेल तर दाखवा.

घाटावरचा
नोंद नाही असं कसं? वाडीच्या दत्तमंदिरात नदीचं पाणी पादुकांवरून येऊन दक्षिणदारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो, लोक रात्री-अपरात्री स्नानाला धावतात. कुठल्या साली, कुठल्या दिवशी झाला हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक असतं. गर्भगृहाच्या उंबऱ्याची उंची एकदा मोजा, त्या तारखा तिच्यासमोर मांडा. हा आकडा आमच्या पाण्याचा आहे. मसुदा करणाऱ्यांपैकी कुणी वाडीला येऊन विचारलंय का?

आकडेमोड
तारखा मिळाल्या तर उपयोग होईल. पाठवा. त्यानं रोजची पातळी कळत नाही, पण पडताळा घेता येईल.

अकिवाटचा शेतकरी
आणि ५२४ चं?

घाटावरचा
त्यावर वेगळं लिहा, मी सही करतो. हरकत कुरुंदवाडच्या नावानं जातीय, त्यात तीनच गोष्टी राहतील: काठ, निवारा, इशारा. अब्दुललाट आणि हेरवाडकरांनी आपापल्या गावातल्या उंचावरच्या शाळा, मंगल कार्यालयं आणि तिथं किती माणसं मावतील ते इथंच खाली लिहावं. मुदत संपायच्या आत द्यायचंय.