मदत हवी आहे : खरोखर संपणारी सुपरहिरो कॉमिक्स सुचवा

मंडळी, शेवट झाला की झालाच, अशी सुपरहिरो कॉमिक्स आहेत का हो? मी स्पायडरमॅनचा जुना वाचक. त्याचं, म्हणजे पीटरचं, आणि मेरी जेनचं लग्न 1987 मध्ये लागलं, आणि 2007 मध्ये पीटरच्या मे काकूंचा जीव वाचवायला मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून ते लग्न झालंच नव्हतं असं ठरवलं! काकूंबद्दल आदर आहे, पण वीस वर्षांचा संसार असा पुसायचा? सुपरमॅन 1992 मध्ये मेला, 1993 मध्ये हजर. आता कोणी मेलं तरी मी मुकाट पान उलटतो.

अडचण अशी की आठवीतला भाचा मागे लागलाय, "मामा, कुठून सुरू करू?" त्याला या चक्रात ढकलायचं जिवावर येतं. एकाच लेखकाने सुरू करून संपवलेली, पाच-सहा खंडांत आटोपणारी मालिका सांगा. फार रक्तपात नको, ताई मलाच झापेल.

आणि नाशकात जुनी कॉमिक्स कुठे मिळतील? मेनरोडला विचारलं, तर तिसरा आणि पाचवा अंक हातात ठेवला, चौथा गायब. सार्वजनिक वाचनालयात कोणी पाहिलीत का?