ताज्या मुरगळीवर गरम पट्टा? कृपया असे सल्ले देऊ नका

लांबपल्ला
परवा एकाने ठणकावून लिहिलं: "बर्फाचे दिवस संपले. बर्फामुळे दुखापत उशिरा बरी होते. घोटा मुरगळला की सरळ गरम पट्टा गुंडाळा, रक्तपुरवठा वाढतो, दुसऱ्या दिवशी पळायला मोकळे." त्याखाली "आजच करून बघतो" म्हणणाऱ्यांची रांग लागली. ती रांग पाहून गप्प बसवलं नाही.

यातलं अर्धं खरं आहे आणि तेच घात करतं. गेब मर्किन या डॉक्टरांनी १९७८ साली 'राइस' सूत्र मांडलं: विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच. पुढे त्यांनीच सांगितलं की बर्फाने बरं होणं लांबू शकतं, कारण सूज हा दुरुस्तीचाच भाग आहे. २०१९ मध्ये आलेल्या, दुखापतीवरच्या उपचारांच्या 'पीस अँड लव्ह' या नव्या सूत्रात बर्फ नाही, हेही खरं. पण त्यात गरम पट्टाही नाही! रक्तपुरवठा वाढवा असं त्यात म्हटलंय ते हालचालीने, न दुखेल इतक्या चालण्याने किंवा सायकलने. शेकून नव्हे.

जागा नुकतीच सुजलेली आणि हाताला गरम लागत असेल तर आत बारीक रक्तवाहिन्या फाटलेल्या असतात. तिथे उष्णता दिली की रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सूज वाढते. पहिले दोन-तीन दिवस शेक नकोच. थंड पट्टा वेदना कमी करतो, बस. पंधरा-वीस मिनिटं, मध्ये कापड, मग काढा. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारी दोरी, तो जोडत नाही आणि गरम पट्टाही जोडत नाही.

नेटजवळची
तुम्ही पळणारे लोक घोट्याच्या पलीकडे काही बघतच नाही. मी वर्षानुवर्षं बॅडमिंटन खेळते. खांद्याला बर्फ लावला की दुसऱ्या दिवशी हात वर जात नाही, गरम पट्टा बांधला की झोप तरी लागते. बर्फ लाव, बर्फ लाव म्हणणाऱ्या एका डॉक्टरांमुळे माझा अख्खा मोसम वाया गेला. कंबरदुखीवर गरम पट्ट्याचा थोडाफार फायदा होतो हे अभ्यासांतही दिसलंय. मग उष्णतेवर एवढा राग कशाला?

लांबपल्ला
उष्णतेवर राग नाही, वेळेवर आहे. तुमचा खांदा जुना, आखडलेला. तिथे शेकाच. मी बोलतोय ते तासाभरापूर्वी वळलेल्या घोट्याबद्दल. दोन्हींना एकच पट्टा बांधायला सांगणं हाच त्या पोस्टचा दोष आहे.

नेटजवळची
मग शीर्षकात तसं स्पष्ट लिहायचं.

लांबपल्ला
शीर्षकातला पहिलाच शब्द 'ताज्या' आहे.

सांधेजोड
रोज अशाच दुखापती बघायचं काम करतो म्हणून दोन गोष्टी सांगतो. गरम की थंड यावर तुम्ही भांडताय, पण पट्ट्यातला सर्वांत उपयोगी भाग बहुधा दाब असतो आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नाही. वेल्क्रो इतकं करकचून ओढतात की बोटं निळी पडतात. मुंग्या आल्या, बोटं गार पडली की पट्टा लगेच सैल करा.

दुसरं, जेल पॅक म्हणजे बर्फ नव्हे. वितळता बर्फ शून्य अंशावर असतो, त्याखाली जात नाही. फ्रीझरमधून काढलेला जेल पॅक उणे पंधरा-अठरा अंशांवर असू शकतो. तो उघड्या कातडीवर बांधून झोपणारे लोक फोड घेऊन येतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, पोटरीचं हाड सुरू होतं तिथे, एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो. तिथे पॅक फार वेळ घट्ट बांधून ठेवल्याने पाऊल उचलता न येण्यापर्यंत गोष्टी गेल्याची उदाहरणं आहेत. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी गरम आणि थंड दोन्ही पट्टे विचारल्याशिवाय बांधू नयेत. भाजतंय हेच त्यांना कळत नाही.

मैदानाबाहेरून
तुम्ही सगळे घरी बसून काय बांधायचं ते बोलताय. मैदानावर काय चालतं त्यावर कोणी बोलेल का? माझी मुलगी फुटबॉल खेळते. सामन्यात पाय वळून पडली. प्रशिक्षक धावत आले, गार स्प्रे मारला, वरून थंड पट्टा आवळला आणि पाच मिनिटांत तिला परत आत पाठवलं. दुखत नव्हतं म्हणून ती खेळली. संध्याकाळी पाय टम्म सुजला. एक्स-रेमध्ये हाडाला चीर निघाली. थंडाव्याने दुखणं दाबून पोरांना पळवायचं, हा धंदा बंद झाला पाहिजे. बर्फाने बरं होणं दोन दिवस लांबतं की नाही यावर काय वाद घालताय?

शिट्टी
मी मुलांना शिकवतो. ताई, तुमच्या मुलीबाबत झालं ते चूकच. पण सगळ्या प्रशिक्षकांना एका माळेत ओवू नका. मी मुलाला बाहेर बसवलं की कडेला उभे असलेले आईवडीलच ओरडतात, "अहो, ठीक आहे तो, घ्या आत!" अंतिम सामना असेल तर विचारूच नका. एका वडिलांनी माझ्या हातातून स्प्रे हिसकावून स्वतः मारला होता.

मैदानाबाहेरून
म्हणजे आता दोष पालकांचा? मी तर ओरडले नव्हते. माझ्या मुलीला कोणी विचारलंही नाही. मैदानात हुकूम कोणाचा चालतो? तुमचा. मग जबाबदारीही तुमचीच.

शिट्टी
जबाबदारी नाकारलेली नाही. शिव्या खाऊन मुलांना बसवणारेही आहेत, एवढंच म्हणतोय. तुम्ही जे लिहिलंत ते वाचून मला राग आला, हे लपवत नाही.

मैदानाबाहेरून
राग यायलाच हवा. मला तर महिनोन्महिने येत होता.

नेटजवळची
मूळ विषय गरम-थंड पट्ट्यांचा होता ना?

मैदानाबाहेरून
हाच विषय आहे. पट्टा कशासाठी बांधतात? दुखू नये म्हणून. दुखायचं थांबलं की काय करतात? खेळतात. तुम्हीही गरम पट्टा बांधून खेळताच ना?

नेटजवळची
माझं वय आणि माझा खांदा, निर्णयही माझा. बारा-तेरा वर्षांच्या मुलीशी माझी तुलना करू नका.

सांधेजोड
'मैदानाबाहेरून' ताईंचं बरोबर आहे, आणि हा भाग मी आधीच लिहायला हवा होता असं कोणी म्हटलं तर मान्य. घोट्यासाठी ओटावा नियम म्हणून एक साधी तपासणी आहे, १९९२ पासून वापरात. घोट्याच्या हाडाची मागची कड किंवा टोक दाबल्यावर दुखतंय का? दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळी चार पावलंसुद्धा टाकता येत नाहीत का? यातलं एक जरी 'हो' असेल तर एक्स-रे. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मधोमध जे हाड लागतं, तेही दाबून बघतात. स्प्रे मारून जागा बधिर केली की ही तपासणी निकामी होते, कारण दुखणं हीच तिची खूण आहे. म्हणून आधी दाबून बघा, चालवून बघा, थंड पट्टा त्यानंतर. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा, म्हणजे हाड जिथून वाढतं ते मऊ थर, असतात, त्या लिगामेंटपेक्षा नाजूक. मोठ्यांत जिथे मुरगळ होते तिथे मुलांत चीर असू शकते. शंका आली तर मुलाला बसवायचंच.

शिट्टी
चार पावलांचं आम्ही करतो. हाड दाबून बघायचं प्रशिक्षण मात्र मला कोणी दिलं नाही, आणि बहुतेकांना दिलेलं नसतं. स्प्रेचा डबा तेवढा पेटीत आपोआप येतो.

लांबपल्ला
माझा धागा कुठल्या कुठे गेला, पण गेला ते बरंच झालं म्हणायला हवं. एक गोष्ट मात्र सोडणार नाही. ज्याने "दुसऱ्या दिवशी पळायला मोकळे" लिहिलं, त्याने ती ओळ काढावी. सुजलेल्या पायावर उष्णता आणि दुसऱ्या दिवशी पळणं, दोन्ही चूक.

नेटजवळची
ती ओळ काढा, मीही म्हणते. मात्र तुमच्या पोस्टमध्येही एक वाक्य जोडा: सूज उतरून सांधा नुसता आखडलेला असेल तर व्यायामाआधी गरम पट्टा चालतो. नाहीतर तुमचं वाचून लोक महिनाभर बर्फच लावत बसतील.

लांबपल्ला
जोडतो. तुमचं नाव न घालता.

मैदानाबाहेरून
सांधेजोड, ती हाड दाबायची जागा चित्र काढून दाखवता येईल का? आमच्या संघाच्या पालकांना आणि प्रशिक्षकांना, दोघांनाही पाठवते. आणि शिट्टी, पुढच्या सामन्याआधी तुमच्या पेटीतला स्प्रे कोणाच्या हातात असेल ते पालकांना लेखी सांगा. त्यानंतर कोणी कडेवरून ओरडलं तर तुमच्या बाजूने मी बोलेन.

शिट्टी
लेखी देतो. पण ओरडणाऱ्यांत तुमच्या ओळखीचे निघाले तरी बोलायचं.