‘यू’ म्हणजे पाणलावा की तुतारी?

प्रश्न : एका जुन्या चिनी गोष्टीचा अनुवाद करतेय. शिंपला तोंड उघडून ऊन खात पडलाय. ‘यू’ नावाचा पक्षी येऊन आतल्या मांसाला चोच मारतो, शिंपला खाडकन मिटतो, चोच आत अडकते. पक्षी म्हणतो, “आज पाऊस नाही, उद्या पाऊस नाही, की तू मेलास.” शिंपला म्हणतो, “आज चोच सुटली नाही, उद्या सुटली नाही, की तूच मेलास.” तेवढ्यात कोळी येऊन दोघांनाही उचलतो. कोशावरून ‘पाणलावा’ लिहिलंय. चालेल?

उत्तर : पाणलावा खटकतो. तो दलदलीत, भातखाचरांत चोच खुपसून किडे-गांडुळं काढणारा. व्हिएतनामीत तर त्याचं नावच ‘झे झून’, आणि झून म्हणजे गांडूळ! चिनी ‘यू’ची जातकुळी बरीच मोठी आहे. वर वळलेल्या चोचीचा उचाट्या म्हणजे ‘फान-च्वेइ-यू’, उलट्या चोचीचा यू. कालवं खाणारा तो ‘ली-यू’. पक्षीनिरीक्षकांच्या भाषेत ‘तुतारी’ त्यातल्या त्यात जवळचा, पण वाचकाला आधी वाजवायची तुतारी आठवणार, हल्ली तर निवडणूकसुद्धा.

गंमत म्हणजे ही गोष्ट शेजारी गेली आणि पक्ष्याचे हाल झाले. जपानीत रोजच्या वापरात उरलं ते ‘ग्योफु नो री’, म्हणजे कोळ्याचा फायदा; पक्षी आणि शिंपला दोघेही गळाले. व्हिएतनामीत शिंपला टिकला, पण त्याच्याशी भांडतो तो ‘को’, म्हणजे बगळा. भातशेतीच्या मुलखात नजरेसमोर बगळाच असणार. जपान्यांनीही ‘शिगी’साठी, म्हणजे त्यांच्याकडच्या ‘यू’साठी, चिनी चिन्ह हाताशी असताना स्वतःचं नवं घडवलं : भातशेताच्या चिन्हाला पक्षी जोडला.

प्रश्न : मग मीही बगळाच करू का?

उत्तर : मुळीच नको. मराठीत बगळा आला की एका पायावरचं ढोंगी तप आलंच. गोष्टीतला पक्षी लबाड नाही, हट्टी आहे. प्राचीन चीनमधल्या सू दाइ या मुत्सद्द्याने ही गोष्ट झाओ राज्याच्या राजाला सांगितली, ती झाओ यान राज्यावर चाल करून जाणार होतं तेव्हा. कोळी म्हणजे टपून बसलेलं तिसरं राज्य, छिन. दोन्ही बाजू सारख्याच आडमुठ्या असल्या तरच ती लागू पडते. ‘दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण मात्र शेवटी घालू नका, अर्थ आधीच फोडल्यासारखा होईल.

आणखी एक वाचक : थोडं विषयांतर. आपला चिखल्या ओहोटीला पाहिलाय? तुरुतुरु पळतो, थबकतो, टोच मारतो, पुन्हा तिरका पळतो. जपानीत त्याच्या कुळाला ‘चिदोरी’ म्हणतात, शब्दशः हजार पक्षी, आणि झिंगलेल्याची वाकडी चाल म्हणजे ‘चिदोरी-आशी’, चिदोरीचे पाय. व्हिएतनामीत हेच ‘चॉय चॉय’. एका जागी न टिकणाऱ्या, उड्या मारणाऱ्या पोराला ‘चॉय चॉयसारखा’ म्हणतात. लांब पायांचा शेकाट्या तिथे ‘का खेओ’, म्हणजे ज्यांवर चढून चालतात त्या उंच काठ्याच. चमच्यासारख्या चोचीचा एक दुर्मीळ तुतारी पक्षी मात्र तिघांनीही स्वयंपाकघरातूनच उचललाय : चिन्यांची पळी, जपान्यांचं उलथनं, व्हिएतनामींचा चमचा.

प्रश्नकर्ती : पहिल्या वाक्यात ‘यू नावाचा लांब चोचीचा चिखलपक्षी’ असं लिहिलं, पुढे नुसता ‘यू’. शिंपल्याच्या तोंडी ‘लांबचोच्या’ घातलंय. भांडणात शोभतंय.