मदत हवी आहे: स्ग्राफितोत पांढऱ्या स्लिपच्या खपल्या निघतायत

मातीकामवाले कोणी असाल तर जरा डोकं चालवा प्लीज. लाल मातीच्या वाडग्यांवर पांढरी स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावायची आणि ती कोरून खालचा लाल रंग उघडा करायचा, या स्ग्राफितोचा सध्या नाद लागलाय. कोरताना एकदम झकास दिसतं, पण १००० डिग्रीच्या आसपास बिस्क (ग्लेझच्या आधीची पहिली भाजणी) करून भट्टी उघडली की काठावरच्या स्लिपच्या खपल्या सुटलेल्या असतात, नख लावलं की तुकडाच हातात येतो. गंमत म्हणजे पोटाच्या भागाला काही होत नाही, फक्त काठ आणि जिथे दोन रेघा जवळजवळ आल्यात तिथेच.

सगळे सांगतात की स्लिप जास्त आकसते, मग त्यात कॅल्साइन्ड केओलिन (आधीच भाजून घेतलेली चिनी माती) घाल म्हणजे आकसणं कमी होईल. पण मला हे पटत नाहीये. स्लिप जास्त आकसत असती तर ती ताणली जाऊन सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या असत्या ना? इथे भेग एकही नाही, उलट काठावरून बाहेर ढकलल्यासारखी उडते. म्हणजे खालची मातीच जास्त आकसतीये आणि स्लिप दाबली जातीये असं असेल, तर कॅल्साइन्ड घालून अजून बिघडेल की! त्यापेक्षा बॉल क्ले (जास्त आकसणारी चिकट माती) वाढवावी का? की स्लिपमध्ये थोडं फ्रिट (भट्टीत वितळणारी काचेची पूड) घालून ती चिकटवून घ्यावी? दोन्ही एकदम बदललं तर नक्की कशाने फरक पडला ते कळणार नाही, म्हणून आधी काय करून बघू ते सांगा.

स्लिप लावतो तेव्हा भांडं लेदर हार्डच (अर्धवट सुकलेलं) असतं, बोट दाबलं तर ठसा उमटत नाही पण हाताला गार लागतं. काठ मात्र पोटाच्या आधी सुकतो, आता प्लास्टिकने झाकून ठेवायला लागलोय. काठ गोलसर केल्यावर फरक पडतो का कुणाला? माझे काठ जरा धारदारच असतात, तशीच आवड आहे.

आणि एक, कोरताना रेघेच्या दोन्ही बाजूंना मातीची जी खरबरीत कड उठून राहते ती कधी काढता? ओल्यात ब्रश फिरवला तर पांढऱ्यात लाल फासलं जातं, आणि पूर्ण सुकल्यावर घासायचं तर सिलिकाची धूळ नाकात जाते, ते नकोच. मधली वेळ ओळखायची काही खूण आहे का?